माझ्या मशीनवरचा गप्प पंप

४ मार्च, मंगळवार

डोकं उठलंय. सकाळी नऊपासून टेबलावरचा पंप केकाटतोय. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, आम्हीच त्याला तसा बनवलाय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या गादीत हवा भरायची, दर दहा मिनिटांनी एकाआड एक नळ्यांतली हवा सोडायची-भरायची, म्हणजे एकाच जागी भार पडून कातडी सडत नाही. गादीतला दाब पन्नासवर ठेवायचा आणि तो तीसच्या खाली गेला की भोंगा वाजवायचा. टेबलावरच्या पंपाला गादीच जोडलेली नाही. दाब शून्य. मग काय, भोंगा! मला काम करायचंय झडपांच्या वेळेचं, आणि हा कानाशी बोंबलतोय. शेजारच्या खोलीतल्या खरेदीवाल्या बाई दोनदा दारात येऊन नाक मुरडून गेल्या.

शेवटी चिप बनवणाऱ्यांची जी लायब्ररी येते, म्हणजे त्यांनी लिहून दिलेला तयार प्रोग्रामांचा गठ्ठा, तिच्यात दाब मोजतात तिथे एक ओळ घातली. दाब कितीही कमी असो, चाळीस सांग. भोंगा गप्प. आमच्या प्रोग्रामच्या फाइलींना हात लावला नाही, त्या सगळ्यांच्या सामायिक, चुकून सगळीकडे जायचं. लायब्ररी फक्त माझ्या मशीनवर. एवढी अक्कल अठरा वर्षांत आली आहे. उद्या काढून टाकीन.

ऑफिसातल्या कॉफीला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. हेही लिहून ठेवतो.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस तापाने पडून होतो. ऑफिसातून अकरा फोन. ‘तुझ्या मशीनचा पासवर्ड काय?’ सांगितला नाही. अठरा वर्षं आमच्या पंपाचा प्रत्येक प्रोग्राम माझ्या मशीनवर तयार होऊन बाहेर पडतो. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर तो होतच नाही. कोणाला जमत नाही, त्याला मी काय करू?

१५ मार्च, शनिवार

नवी आवृत्ती गेली बाहेर. झडपा आता लोण्यासारख्या चालतात. चाचणीवाल्याने पंपावरचं तपासणीचं बटण दाबलं, भोंगा वाजला, त्याने शिक्का मारला. सोमवारपासून माल निघेल, तीनशे चाळीस पंप.

पहिला पंप मात्र आमच्या घरचा. दुपारी लॅपटॉप घेऊन बाबांच्या पलंगाशी बसलो आणि नवा प्रोग्राम भरला. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून बाबांची डावी बाजू गेली, बोलणंही गेलं, पण डोळे असे बघत होते की जणू मी परीक्षेत पहिला आलोय. दोन वर्षांत एक फोड नाही त्यांच्या पाठीला. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणतात, अशी पाठ मी पाहिली नाही. माझी गादी आहे म्हटलं.

त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी मात्र त्यांच्या सवयीप्रमाणे गादीखाली हात घालून बसल्या होत्या. रोज सकाळी पलंगाशी ओणवं व्हायचं, तळवा वर करून बाबांच्या कंबरेखाली हात सरकवायचा आणि मान हलवायची. ‘मावशी, त्यात सेन्सर आहे,’ मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘असू दे की दादा. माझा हात मला काय जड झालाय?’

अशा लोकांपुढे विज्ञानाने डोकं आपटावं.

२६ मार्च, बुधवार

आज ऑफिसात अकलेचे तारे तोडण्याचा कार्यक्रम झाला. साहेबांनी एक नवी इंजिनिअर आणली आहे. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. हळू बोलते, प्रत्येक वाक्यानंतर पाण्याच्या बाटलीतून घोट घेते. मी तिचं नाव दीडशहाणी ठेवलं आहे, अर्थात फक्त या वहीपुरतं.

दीडशहाणीचं म्हणणं असं. लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा आकड्यांत बदलायला जी हत्यारं लागतात, कंपायलर, लायब्ऱ्या, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या, ती सगळी एका यादीत लिहायची. त्या यादीवरून कोणाच्याही कॉम्प्युटरवर एक बंद डबा उभा राहतो, सगळ्यांना तंतोतंत तीच हत्यारं मिळतात. तिने त्याला कंटेनर म्हटलं. मी डबाच म्हणणार.

‘सध्याचं काय वाईट आहे?’ मी विचारलं.

साहेब म्हणाले, ‘अरे, तुला ताप आला तर दोन दिवस कंपनी बंद होती. तुझ्या मशीनला काही झालं तर टाळं लावू का?’

‘माझ्या मशीनला काही होत नाही.’

‘तुझ्या मशीनचा पंखा सेलोटेपने चिकटवलाय.’

सगळे दात काढून हसले. शिसारी आली मला त्या खोलीची. तिथल्या गालिच्यालाही ओल्या कुत्र्याचा वास येतो.

३१ मार्च, सोमवार

डबा, दिवस पहिला. चिपमध्ये प्रोग्राम भरायची तार यूएसबीला लावली. डब्याला यूएसबी दिसतच नाही. आंधळा आहे तो. दीडशहाणी म्हणाली, ‘सर, त्याला बाहेरचं काय दाखवायचं ते आपण सांगावं लागतं.’ सांगितलं. मग दिसलं. तोवर जेवणाची सुट्टी संपली होती.

दुपारी आत शिरून मला हवी तशी दोन-चार ठिकाणी डागडुजी केली. बंद करून परत उघडला, तर सगळं गायब! डबा पहिल्यासारखा कोरा. मी तिला बोलावलं. म्हणे, ‘तेच तर हवंय ना सर. हाताने केलेलं काही उरत नाही. ठेवायचं असेल तर यादीत लिहायचं, म्हणजे सगळ्यांना दिसेल.’

सगळ्यांना का दिसावं? माणसाला स्वतःचं असं काही नको का?

५ एप्रिल, शनिवार

बाबांच्या कंबरेखाली, माकडहाडावर, रुपयाएवढा लाल डाग. बायकोने अंघोळ घालताना पाहिला. दाबलं तरी पांढरा होत नाही, तसाच लाल राहतो. म्हणजे सुरुवात झाली.

मी मावशींना विचारलं, ‘दर दोन तासांनी कूस बदलता ना?’

‘बदलते की. वहीत लिहिते. पण दादा, मला गादीच कंबरेपाशी बसल्यासारखी वाटते. पंप नुसता गुरगुरत असतो, थांबतच नाही.’

‘मावशी, गादीचं मला शिकवू नका. ती मी बनवली आहे. हवा कमी झाली असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.’

‘बरं,’ म्हणाल्या. आणि परत हात घातला गादीखाली. माझ्या डोळ्यांदेखत! मला इतका राग आला की मी खोलीबाहेर गेलो. बाबा उजव्या हाताने गादीवर थापटत होते. हल्ली फार चिडचिड करतात.

९ एप्रिल, बुधवार

डाग फुटला. जखम झाली आहे. तिचा वास लिहवत नाही.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, ही हाडापर्यंत जाता कामा नये, गेली तर या वयात शरीराला झेपणार नाही. मग मलाच विचारलं, ‘गादी नीट चालते ना?’ मी म्हणालो, तो प्रश्नच नाही.

मग उरलं काय? मावशींची वही काढली. आठ, दहा, बारा, दोन, चार. सगळे आकडे एका रेषेत, एकाच पेनाने, जणू एका बैठकीत लिहून काढलेले. अशा वह्या मी ऑफिसात पाहिल्या आहेत. मी सरळ विचारलं, ‘हे खोटं आहे ना?’ त्यांनी वही मिटून जागेवर ठेवली. हिशोब करून त्यांना निरोप दिला. जाताना त्यांनी बाबांच्या पायावरची चादर नीट केली. नाटकं.

बायको म्हणाली, ‘तू चूक करतोयस. मी घरी असते, मी बघते त्यांना कूस बदलताना.’

‘तू सारखी खोलीत असतेस का?’

नसते. मग!

बाबा संध्याकाळभर गादी थापटत होते. मावशींची सवय झाली होती त्यांना.

११ एप्रिल, शुक्रवार

मी सुट्टी टाकली. दर दोन तासांनी कूस स्वतः बदलली, गजर लावून. जखम वाढलीच आहे. मावशींनी आधी केलेलं नुकसान बाहेर पडायला वेळ लागत असेल.

पंप खरंच सारखा गुरगुरतो. झडपांचं नवं काम आहे, त्यामुळे असेल.

१४ एप्रिल, सोमवार

अखेर माशी शिंकली! मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं का बोलू.

दीडशहाणीने डब्यातून आमचा तोच प्रोग्राम तयार केला, एक अक्षर न बदलता, आणि माझ्या टेबलावरच्या पंपात भरला. चालू केला. पाच सेकंदांत भोंगा! सगळं ऑफिस गोळा झालं. मी हात बांधून उभा.

‘बघा साहेब,’ मी म्हणालो. ‘माझ्या मशीनवर तयार केलेला प्रोग्राम याच पंपात दीड महिना आहे. एकदा तरी ओरडला का? एकदाही नाही. हिच्या डब्यातून काढला की लगेच बोंब. दवाखान्यात असा खोटा भोंगा वाजला तर परिचारिका दोन दिवसांत तार उपटून ठेवतील.’

दीडशहाणीने पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, ‘पण सर, ओरडायलाच हवा ना? गादी कुठे आहे?’

‘विषय तो नाही,’ मी म्हणालो.

साहेबांनी डबा तूर्त थांबवायला सांगितला. किती दिवसांनी त्या कॉफीचा घोट घशाखाली उतरला.

१५ एप्रिल, मंगळवार

ही पोरगी हात धुऊन मागे लागली आहे. तिने माझ्या मशीनवरचा प्रोग्राम आणि डब्यातला प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून आकड्याला आकडा ताडून पाहिले. म्हणे काही आकडे वेगळे आहेत. ‘सर, एकाच लिखाणातून दोन वेगळ्या गोष्टी यायला नकोत. मला तुमच्या मशीनवर अर्धा तास बसू द्याल?’

नाही म्हणालो. माझ्या खुर्चीवर अठरा वर्षांत कोणी बसलेलं नाही.

जखमेत आज बोटाचं पेर बुडेल एवढा खड्डा. बायको पट्टी बदलते आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडते. मला ऐकू येतं हे तिला ठाऊक नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

बसू दिलं. तिला नव्हे, साहेबांना बसू दिलं, आणि साहेबांनी तिला.

दहा मिनिटंही लागली नाहीत. चिपवाल्यांच्या साइटवरून तिने मूळ लायब्ररी घेतली, माझ्या मशीनवरच्या लायब्ररीशी लावून पाहिली. नऊशे फाइलींपैकी एका फाइलीत फरक. एका ओळीचा. ओळीच्या बाजूला मीच लिहिलेली टीप, ‘भोंग्याने डोकं उठवलंय. उद्या काढणे.’ फाइलीची तारीख चार मार्च.

तिने मोठ्याने वाचलं नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बाटली भरायला गेली. बाटली निम्मी भरलेलीच होती.

साहेब वाचत होते. ‘म्हणजे दाब चाळीसच्या खाली कधी दिसणारच नाही?’

‘नाही.’

‘आणि भोंगा तीसला.’

‘हो.’

‘गादी पार बसली तरी?’

मला पंपाची गुरगुर ऐकू येत होती. आमच्या घरच्या. चाळीसचे पन्नास होईनात म्हणून जीव खाऊन हवा भरणारा, आणि सांगायला तोंड नसलेला. त्याचं तोंड मीच बंद केलं होतं.

डब्यातला प्रोग्राम लॅपटॉपवर घेतला आणि साहेबांना न सांगताच निघालो. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. बूट काढले नाहीत. प्रोग्राम भरला, पंप चालू केला. एक, दोन, तीन, चार, पाच. भोंगा.

बायको धावत आली. बाबांनी गादी थापटायला सुरुवात केली, त्याच त्या एका जागी, कंबरेजवळ. दोन आठवडे हा माणूस मला जागा दाखवत होता.

मी वाकलो. तळवा वर केला आणि मावशी घालायच्या तसा बाबांच्या कंबरेखाली, गादी आणि पलंगाच्या मधे हात सरकवला. आख्खं हाड माझ्या तळव्यावर आलं. गादीचं नुसतं कापड मधे, खाली फळी. हवा नव्हतीच. पलंगाच्या पायाशी नळीच्या जोडावर बोटभर चीर होती, तिथून सगळी निघून जात होती.

जोडाला सुटी नळी घालून पट्टी आवळली. पाऊण तासाने भोंगा आपोआप थांबला. बाबांचा हात पण थांबला.

आता ही वही मागे चाळून पाहिली. ‘एवढी अक्कल अठरा वर्षांत आली आहे.’ हे मी लिहिलंय. माझ्या अक्षरात. ओकारी येते वाचून. मावशींची वही पण परत उघडली. सगळ्या ओळी एका पेनाने लिहिल्यात, कारण ते पेन दोरीने वहीला बांधलेलं आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तीनशे चाळीसही ठिकाणी पत्र आणि फोन. नवा प्रोग्राम येईपर्यंत दर दोन तासांनी गादी हाताने तपासा. कारणाच्या रकान्यात काय लिहू, साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, जे आहे ते लिहा. मग मीच लिहिलं, पाच वेळा खोडून.

तपासणीचं बटण दाब न बघताच भोंगा वाजवतं, म्हणून चाचणीवाल्याने आजपासून बटण सोडून नळी उपटून भोंगा तपासायचं ठरवलंय. माझं मशीन दीडशहाणीने माझ्यासमोर बंद केलं. म्हणाली, ‘सर, त्या ओळीसारखी ओळ मीही एकदा घातली होती. म्हणून तर डबा करते.’ तिचं नाव मी आजपासून बदलायला हवं, पण दुसरं सुचत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडाला अजून पोचलेली नाही. आठवडाभरात काय ते कळेल.

२० एप्रिल, रविवार

मावशींकडे गेलो. त्या घरी नव्हत्या. त्यांच्या सुनेने पत्ता दिला, चार गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत, तिथे गेल्या सोमवारपासून लागल्या आहेत.

दार त्यांनीच उघडलं. मी जिन्यातच बोलायला लागलो, पाठ करून आलेलं, की गादीत चूक होती, ती माझी होती, तुमची वही खरी होती, तुम्हाला खोटं म्हणालो. बोलताना मान वर झाली नाही.

‘मला ठाऊक होतं ते गादीचं,’ मावशी म्हणाल्या. ‘पण तुम्ही म्हणालात, ती तुम्ही बनवली आहे. मग मी म्हटलं, असेल बाई, आपल्याला काय कळतं.’ मग विचारलं, ‘बाबा कसे आहेत?’

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. परत याल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘या आजीला सोडून कशी येऊ दादा? आत या, दाखवते.’

आत एक लहानखुरी आजी झोपली होती. पलंगाच्या पायाशी आमचा पंप. नवा कोरा, मार्चमधल्या मालातला. हिरवा दिवा, सगळं ठीक असल्याचं सांगणारा.

‘ही पण तुमचीच ना?’ मावशी म्हणाल्या. ‘परवा फोन आला होता यांना कंपनीतून. मी तर आधीपासूनच घालते हात. ही ओरडेल का आता वेळ आली तर?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘उद्या येऊन बदलून देतो.’

उद्या. तो शब्द तोंडातून निघाला आणि माझी मलाच किळस आली. तसाच जिना उतरलो, घरून लॅपटॉप आणला, तासाभरात परत आलो. डब्यातला प्रोग्राम भरला. पंप गप्प. गादी चांगली होती, ओरडायचं कारणच नव्हतं. पण मावशी पंपाकडे बघत तशाच उभ्या. काय हवंय ते मला कळलं. आजीला दोघांनी मिळून कुशीवर घेतलं आणि मी नळी उपटली.

भोंगा वाजला. आजी दचकली, शेजारचं दार उघडलं, कोणीतरी विचारलं काय झालं. मी नळी परत लावली नाही लगेच. वाजू दिला.

‘हां,’ मावशी म्हणाल्या. ‘आता ठीक.’

मग नळी लावली, हवा भरली, भोंगा थांबला. मावशींनी आजीला सरळ केलं, वाकल्या, तळवा वर केला आणि तरीही कंबरेखाली हात घातला.